सगळ्यांचे डोळे उघडे

एका गावात सुकदेव खैरनार नावाचा एक फोटोग्राफर होता. माणूस कसबी, पण कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटे. रोलचा कॅमेरा होता तोवर हा दोष झाकून राहिला. फोटो धुऊन येईपर्यंत कुणाला काही दिसतच नसे, आणि धुऊन आल्यावर डोळे मिटलेले निघाले, तरी तो माणूस कपाळाला हात लावून घरी जाई.

मग सुकदेवने डिजिटल कॅमेरा आणला. विटेएवढा जाड, आणि पोटात कॉम्प्युटरची फ्लॉपी घालायची. फोटो काढला की फ्लॉपी आत घुर्र घुर्र फिरे आणि पाठीमागच्या चिमुकल्या पडद्यावर फोटो लगेच दिसे. नाही आवडला तर बटण दाबून पुसता येई. गावाला या पुसण्याचंच अप्रूप फार. फ्लॉपीवर फोटो मात्र मोजकेच मावत, एवढी एक खोट होती.

त्याच साली आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स सिंधुअक्का सेवानिवृत्त झाल्या. गावातली अर्धीअधिक माणसं अक्कांच्या हातांवर जन्मलेली, खुद्द सुकदेवसुद्धा. अक्का आता लेकीकडे, जळगावला, कायमच्या निघाल्या होत्या. त्यांनी साडी नको म्हटलं, चांदीचं भांडं नको म्हटलं. तुम्हा सगळ्यांसोबत एक फोटो द्या, तिकडे भिंतीला लावीन, एवढंच मागितलं. ऐकून सुकदेवला भरून आलं. हा फोटो आपल्या हातून झालाच पाहिजे, असं त्याने मनाशी धरलं.

निरोपाच्या दिवशी सरपंच बबनरावांनी अक्कांना गुच्छ दिला. देताना त्यांनी डावीकडून फोटो काढून घेतला, उजवीकडून काढून घेतला, मग गुच्छ परत मागून पुन्हा दिला. सुकदेवने आणलेल्या फ्लॉप्या त्यातच भरत गेल्या. शेवटच्या फ्लॉपीवर एका फोटोपुरती जागा उरली. सरपंचांचे फोटो पुसायला काही तो धजला नाही.

एसटीच्या थांब्याला लागूनच खुर्ची मांडली होती. अक्का गळ्यात हार घालून मधोमध बसल्या आणि मागे गाव दाटीवाटीने उभं राहिलं. सुकदेवने बटण दाबलं. फोटोत अक्का मनापासून हसत होत्या. जमलं, आता कॅमेरा पिशवीत ठेवावा, असं सुकदेवला वाटलं.

पण गाव पडद्यावर तुटून पडलं. सरपंचांचे डोळे अर्धवट मिटले होते. "पूस," ते म्हणाले. सुकदेवने पुसला. दुसऱ्या फोटोत सरपंच झकास, पण सोसायटीचे चेअरमन जांभई देताना सापडले. पुसला. मग कुणाचा पदर घसरला, कुणाची मिशी सावलीत गेली, एका तान्ह्याने ऐन वेळी तोंड फिरवलं आणि त्याची आई हटून बसली. अक्का मात्र प्रत्येक फोटोत छान येत होत्या, आणि प्रत्येक फोटोबरोबर पुसल्या जात होत्या.

तेवढ्यात एसटी येऊन उभी राहिली.

"सुकदेव, आता जो निघेल तो राहू दे," अक्का म्हणाल्या. "अरे, तुमच्यातल्या एकेकाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटलेलेच होते. मला त्याचं काही नवल नाही."

सगळं गाव खो-खो हसलं. त्या हसण्यातच सुकदेवने बटण दाबलं आणि त्या दिवसातला सगळ्यांत देखणा फोटो उतरला. हाच ठेवायचा, हे त्याला पक्कं कळलं होतं. पण हसताना सरपंचांचा पडलेला दात दिसत होता. सरपंचांनी नुसतं सुकदेवकडे पाहिलं. सुकदेवने तोही पुसला.

मग मात्र गाव इरेला पेटलं. पापणी लवू द्यायची नाही, असं ठरलं. माणसं डोळे ताणून ताठ उभी राहिली आणि सुकदेव पडद्यात डोकं घालून एकेकाच्या पापण्या तपासू लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. अक्कांनी वाट पाहिली, मग हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, पिशवी उचलली आणि जाता जाता सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"येते रे बाळा."

"अक्का, हलू नका," सुकदेव मान वर न करता म्हणाला.

फोटो निघाला. फ्लॉपी घुरघुरून थांबली. सरपंचांचे डोळे उघडे, चेअरमनचं तोंड बंद, पदर जागेवर, मिशी उजेडात, तान्हंसुद्धा समोर पाहत होतं. गावाने टाळ्या वाजवल्या. आता अक्कांना दाखवू म्हणून सुकदेव वळला, तर खुर्ची रिकामी, आणि एसटी धुरळा उडवत पुलापलीकडे गेलेली.

तोच फोटो मोठा करून, खाली अक्कांचं नाव घालून उपकेंद्रात लावला. लावायला सगळ्या गावाचा दुसरा नव्हताच. रिकामी खुर्ची, तिला हार, आणि भोवती डोळे ताणून उभं असलेलं गाव. परगावचा माणूस तो पाहून हळहळे आणि बाई कधी गेल्या म्हणून विचारी. मग त्या जळगावात ठणठणीत आहेत, हे कुणाला तरी समजावत बसावं लागे.

शेवटी सुकदेवने मन घट्ट केलं, एक प्रत घेऊन जळगाव गाठलं आणि खालच्या मानेने ती अक्कांच्या हातात ठेवली. अक्कांनी चष्मा लावला. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत सगळ्यांची नावं घेतली. मग बोट खुर्चीवर येऊन थांबलं.

"एवढे सगळे डोळे उघडे," अक्का म्हणाल्या, "आणि मी उठून गेले ते एकालाही दिसलं नाही होय रे?"

सुकदेवला पुसून टाकलेला तो हसरा फोटो आठवत होता, आणि रडू आवरत नव्हतं.

तात्पर्य: जो सगळ्यांची मर्जी राखायला जातो, त्याच्या हातून ज्याच्यासाठी काम काढलं तोच माणूस निसटतो, म्हणून चांगलं साधलेलं काम कुणाच्या भिडेखातर पुसू नये.