चार मिनिटांचं पान

"मग लेखक म्हणून तुमचं नाव टाकू ना, बाबा?"

दाऊदबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून झाडूच्या हिरांना नवी दोरी आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लिहिलंय कोणी?"

"मी."

"मग माझं नाव कशाला?"

निरंजन तोडणकर खालच्या पायरीवर बसला. शहरातल्या माणसाला हे पाच मिनिटांत पटलं असतं.

आडशेत गावासमोर समुद्रात पीराचा खडक आहे आणि खडकावर छोटा दर्गा. ओहोटीला किनाऱ्यापासून खडकापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. भरती आली की ती पाण्याखाली जाते. दर्ग्याची देखभाल दाऊदबाबा करतात, चाळीस वर्षं झाली. निरंजन गावचाच. कॉम्प्युटरचं शिकला, रत्नागिरीला बसून लोकांना वेबसाइट करून द्यायला लागला. आडशेतची वेबसाइट त्यानं हौसेनं केली होती. भरतीचं गणित त्याला शिकवलं ते याच पायरीवर, बाबांनी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, म्हणजे दुपारी तीनला ओहोटी.

पीराच्या खडकावर कधी जाता येतं, असं कोणी मोबाइलवर शोधलं, की तीन वर्षं पहिलं नाव निरंजनच्या पानाचं येत होतं. त्या पानावरून लोकांना गाव कळायचं, गावातली घरगुती खानावळ कळायची, राहायच्या खोल्या कळायच्या. नऊ घरांनी त्या भरवशावर मागच्या पडव्या नीट करून घेतल्या होत्या.

गेल्या महिन्यात सर्च इंजिननं आपले नियम बदलले. निरंजनचं पान पहिल्यावरून एकेचाळिसावं झालं.

एका रात्रीत.

"इंदूकाकू रोज फोन करते," निरंजन म्हणाला. त्या नऊ घरांतलं एक तिचं. "म्हणते, अरे, माझा फोन लागतो का बघ जरा, बिघडलाय वाटतं. पंधरा दिवस वाजलाच नाही. गाद्या उन्हात टाकून बसलीय ती. तिला काय सांगू मी?"

बाबांनी दोरीला गाठ मारली.

"नियम बदलले म्हणजे काय झालं?"

"वर कोण, खाली कोण, ते ठरवायची रीत बदलली. दर काही महिन्यांनी बदलतात. आधी त्याला शब्द हवे होते. 'पीराचा खडक' हे मी एका पानावर सत्तावीस वेळा लिहिलं."

"सत्तावीस वेळा? एकच खडक?"

"लागायचं तसं. मग त्याला लांब लेख आवडायला लागले. मी तेवीसशे शब्द लिहिले. पीराची हकिकत, गावाचा इतिहास, काय खावं, कपडे कोणते घालावेत..."

"कपडे? लुंगी लिहिलीस का?"

"हसू नका, बाबा. मग त्याला घाई सुटली. पान झटक्यात उघडलं पाहिजे. मी फोटो काढून टाकले. तुमचाही गेला त्यात."

"बरं झालं."

"आणि आता म्हणे अनुभव हवा. लिहिणारा जाणकार पाहिजे, खाली त्याचं नाव पाहिजे, चेहरा पाहिजे. म्हणून म्हणतोय, नाव तुमचं टाकतो. चाळीस वर्षांचा अनुभव. खोटं काय आहे त्यात?"

"हा साहेब तुला कधी भेटलाय?"

"तो माणूस नाहीये, बाबा."

"मग त्याला काय आवडतं, ते तुला कोण सांगतं?"

"कोणीच नाही." निरंजनचा आवाज जरा खाली आला. "अंदाज बांधतो. सगळेच बांधतात. कधी जमतो, कधी..."

बाबांनी दोरीला दुसरी गाठ मारली.

निरंजनला आणखीच चेव आला. "आणि आता पहिला कोण आहे माहितीय? कोणीतरी उपटसुंभ. माझंच उचललंय. वर लिहिलंय काय, तर खडकावर जायला रोपवे आहे. रोपवे, बाबा. आणि तो पहिला. भरतीला निदान चंद्र तरी आहे. याला काय आहे?"

"रोपवे..." बाबांनी पायांखालच्या खडकाकडे एकदा नीट बघून घेतलं. "कुठून काढलान रे त्यानं?"

निरंजनला हसू आलं, पण ते त्यानं दाबलं. एवढ्या लांब तो हसायला आला नव्हता.

"माझं पान वाईट नाहीये. लोक त्यावर चार मिनिटं थांबतात. सरासरी. बाकीच्यांकडे वीस सेकंद पण थांबत नाहीत कोणी."

"चार मिनिटं काय करतात?"

"वाचतात. वाट कधी उघडी असते ती वेळ मी अगदी शेवटी दिलीय. वर दिली तर बघतात आणि जातात. सर्च इंजिनला वाटतं, यांना पान आवडलं नाही. म्हणून खाली. सगळे असंच करतात."

बाबांचे हात थांबले.

ते निरंजनकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, पाण्याकडे बघत होते.

निरंजन वळला.

सव्वाचार झाले होते. दोन्ही बाजूंनी पाणी वाटेकडे सरकत होतं. वाटेच्या मधोमध, सगळ्यात खोलगट जागी, तीन माणसं उभी होती. एक बाई, एक पुरुष आणि त्या दोघांच्या मध्ये एक म्हातारी. ती तिघं ना पुढे येत होती, ना मागे जात होती. बाईची मान खाली होती, पुरुषाचीही. त्यांच्या पायांखालची वाळू आता चमकायला लागली होती.

बाबा उठले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून मागे फिरा अशी खूण केली.

कोणी बघितलं नाही.

मग ते काही न बोलता पायऱ्या उतरले, लुंगी खोचली आणि चालायला लागले. सत्तरीचा माणूस, पण निरंजनला त्यांना गाठायला पळावं लागलं.

मध्यावर पोचेपर्यंत पाणी घोट्याच्या वर आलं होतं.

"मागे फिरा," बाबा म्हणाले.

"थांबा की जरा," बाई मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली. बोलण्यावरून कोल्हापूरकडची वाटत होती. "मैत्रिणीनं लिंक दिलीया. हितं कुठंतरी वेळ दिली असणार, ती बघाय लागलोय. आत्तीस्नी घेऊन जायचं का नाही, ते ठरवाय नको?"

"किती वेळ झालाय बघतेयस," पुरुष कावला होता. "खाली घे, खाली घे."

"खालीच घेतेय. संपंना झालंय. कोण लिहितंय असलं?"

तिच्या अंगठ्याखाली अक्षरं वर सरकत होती. निरंजनला ती उलटीसुद्धा ओळखू आली. 'या लेखात आपण सविस्तर जाणून घेणार आहोत...' मग पीराची हकिकत. मग कपडे कोणते घालावेत.

म्हातारीनं नातवाला धरावं तसं निरंजनचं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"बाळा, पाणी वाढतंय का रं? का मलाच वाटतंय?"

"वाढतंय, आजी."

"मी कवापासनं तेच म्हणतीया. पण हेंचं वाचून हुईना."

बाबांनी तिचा दुसरा हात धरला. पाचही जणं किनाऱ्याकडे निघाली. शेवटच्या टप्प्यात पाणी म्हातारीच्या गुडघ्याला लागलं, तिचं लुगडं जड झालं, आणि निरंजननं तिला सरळ पाठुंगळी घेतलं. तिचं ओझं काहीच नव्हतं. तिचा श्वास मात्र त्याच्या कानाशी वाजत होता.

कोरड्या वाळूवर तिला उतरवलं, तेव्हा ती म्हणाली, "लई उपकार झालं रं." आणि त्याच्या गालावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई पदरानं सासूचे पाय पुसत होती. "दादा, तुम्ही गावचेच ना? मग आता कधी जायचं, तेवढं सांगा. उद्या येतो आम्ही."

"उद्या त्रयोदशी..." निरंजननं बोटांवर हिशेब केला. "उद्या पावणेतीनला वाट उघडेल. पाचच्या आत परत किनाऱ्याला या. चारनंतर मात्र इकडून निघूच नका."

"बास. एवढंच पायजे हुतं."

ती तिघं गावाकडे गेली. निरंजननं त्यांना इंदूकाकूचं घर दाखवलं.

मग तो वाळूत बसला. पँट मांडीपर्यंत ओली. बाबा शेजारी बसून लुंगी पिळत होते. ते रागावतील, निदान एखादं वाक्य ऐकवतील, म्हणून तो वाट बघत होता.

बाबा लुंगी पिळत राहिले.

"चार मिनिटं ती तिथं उभी होती," शेवटी तोच म्हणाला. "मी मोजून खूश होत होतो."

"तुझ्या पानामुळं तीन वर्षं माणसं आली गावात," बाबा म्हणाले. "तेही खरंच आहे."

हे त्याला शिव्या खाण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानं मोबाइल काढला. बोटं ओली होती, स्क्रीन नीट ऐकत नव्हता. तळाची वेळ त्यानं उचलून सगळ्यात वर नेली. मोठ्या अक्षरांत, आजची आणि उद्याची. चारनंतर निघू नका, हेही. मग खालचं सगळं निवडलं. हकिकत, इतिहास, कपडे, सत्तावीसच्या सत्तावीस खडक.

अंगठा तिथंच थांबला.

"बाबा, एवढंसं पान सर्च इंजिन विचारातसुद्धा घेत नाही. आत्ता एकेचाळिसावं आहे, उद्या शंभरावं होईल. कोणाला दिसणारच नाही. मग नऊ घरांचं काय? आणि त्या रोपवेवाल्याचं वाचून जे येतील, त्यांना कोण सांगणार?"

बाबांनी लुंगीचं टोक झटकलं.

निरंजननं पुसून टाकलं. पान पांढरं झालं, वर फक्त चार ओळी. तीन वर्षांची मेहनत एका बोटासरशी गेली होती, आणि त्यातून काय मिळणार ते त्याला ठाऊक नव्हतं. आता मात्र त्याला उत्तर हवं होतं. लगेच. जन्मभर पायरीवर बसून गप्प राहणाऱ्या माणसाकडून एकदा तरी सरळ उत्तर.

"सांगा ना, बाबा. बरोबर लिहिलं, आणि कोणी बघितलंच नाही... तर काय उपयोग?"

समुद्रात वाटेचा शेवटचा तुकडा दिसत होता. अंगणाएवढा. मग ओट्याएवढा. मग दोन्हीकडून एकेक लाट आली आणि मध्ये मिळाली.

बाबा उठले. पाण्याच्या काठापर्यंत गेले. तोंडाभोवती दोन्ही तळवे धरले, खडकाच्या दिशेनं तोंड केलं आणि छातीतून हाक घातली.

"वाट बुडाली होऽऽ..."

हाक पाण्यावरून गेली. खडकावर आपटली.

थोडं थांबून दुसरी. तेवढ्याच दमाची. मग तिसरी.

निरंजन त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. खडकावर माणूस नव्हता. तिथून शेवटचे निघालेले तेच दोघं होते.

"बाबा... तिकडे कोणीच नाहीये."

बाबांनी तळवे खाली घेतले. श्वास जागेवर यायला त्यांना जरा वेळ लागला.

"पाणी तर आलंय ना."