सात गावांची नाव

फार वर्षांपूर्वी, ज्या काळच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, तेव्हा एका रुंद नदीकाठी सात गावं होती. सातांची मिळून एक नाव होती. तिला मालक नव्हता. ज्याला वाटेल त्यानं यावं, फळी तासावी, वल्हं घडवावं. नाव जुनी झाली की सगळे मिळून नवी बांधत.

एकदा अशीच नवी नाव बांधायला घेतली. देखरेखीला हैबती नावाच्या वृद्ध सुताराला नेमलं. कुणी विचारलं, "हैबतीबाबा, नाव पाण्यात कधी?" की तो म्हणे, "तयार होईल तेव्हा."

पण नाव तयार होईना. कुणी छप्पर आणलं, कुणी रुंद बाकं आणली. हैबती कुणालाच नाही म्हणत नसे. प्रत्येक नव्या वस्तूसाठी फळ्या उचकटायच्या, पुन्हा जोडायच्या. तीन वर्षं गेली. जुनी नाव कुजत चालली.

शेवटी बयाजी नावाचा तरुण कारागीर चिडला. त्यानं सातही गावांत दवंडी दिली, "येत्या पौर्णिमेला नवी नाव सुटणार!" लोक आनंदले.

पौर्णिमेच्या सकाळी चिमाबाई हैबतीकडे आली. राळ आणि काथ्या भरून फळ्यांच्या फटी बुजवायचं काम तिचं होतं. ती म्हणाली, "बाबा, तळाची एक फट अजून उघडी आहे."

तिथंच उभा असलेला बयाजी म्हणाला, "माणसं काठावर येऊन उभी आहेत. आता शब्द कसा फिरवू?"

हैबतीनं त्याला अडवलं नाही. नाव सुटली आणि मधल्या धारेत पाण्यानं भरली. नावेतले लोक कसेबसे पोहून काठाला आले. एक म्हातारा विणकर मात्र आला नाही.

तिसऱ्या दिवशी सगळे काठावर जमले. बयाजी मान खाली घालून म्हणाला, "दोष माझा आहे."

"अर्धा तुझा," हैबती म्हणाला. "मी कधी 'पुरे' म्हटलं नाही, म्हणून तुला घाई करावी लागली. आणि त्या सकाळी मी 'थांब' म्हटलं नाही."

मग सर्वांनी मिळून ठरवलं. एका ठरल्या दिवसानंतर नावेत नवं काही घ्यायचं नाही. त्यानंतर फक्त फटी शोधायच्या आणि बुजवायच्या. बाक करकरलं तर चालेल; माणूस बुडेल अशी एकही फट राहता कामा नये. ती राहिली नाही, हे चिमाबाईनं सांगायचं.

बुडालेली नाव वर काढली, काम पुन्हा सुरू झालं. ठरलेला दिवस उलटला आणि दुसऱ्याच सकाळी हैबती खांद्यावर नवं सुकाणू घेऊन आला. महिनाभर खपून त्यानं ते कोरलं होतं. तसं सुरेख सुकाणू त्या काठावर कुणी पाहिलं नव्हतं.

चिमाबाईनं त्यावरून हात फिरवला. "छान आहे, बाबा. पुढच्या नावेला लावू."

हैबती सुकाणू काठावरच्या झाडाला टेकवून फटी बुजवायला बसला.

लोक रोज विचारत होते, काही कुरकुरतही होते. एकवीस दिवसांनी चिमाबाई म्हणाली, "आता सोडा."

ती नाव अकरा वर्षं चालली. तिच्यावरून दुसऱ्या नद्यांकाठच्या लोकांनीही आपापल्या नावा बांधल्या.

बोध: सर्वांच्या कामात नवं घेणं कधी थांबवायचं हे आधी ठरवावं, आणि घातक दोष उरला नाही याची खात्री झाल्यावरच ते लोकांच्या हाती द्यावं.