कवडशांचा मांडव

बाजाराच्या एका गावी भिवाशेट नावाचा गुळाचा व्यापारी राहत असे. गूळ कसा सांभाळावा हे त्याला पक्के ठाऊक होते. उन्हात ठेवला की तो पाघळतो, दमट वाऱ्यात ठेवला की ओलावतो. म्हणून वखारीची दारे बंद, झरोक्यांना गोणपाट आणि किल्ली कमरेला. जन्मभर हेच केल्यावर माणसाला जगातली प्रत्येक मोलाची वस्तू गुळाची ढेप दिसू लागते. भिवाशेटचे तसेच झाले होते.

त्याची बायको उमा. मुलगी सगुणा चालायला लागण्याआधीच ती गेली. जाताना तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "सगुणेचं लग्न मागच्या अंगणात करा. उघड्यावर. वारा यायला हवा." भिवाशेट हो म्हणाला. पुढे उमेचे नाव त्याने फारसे ओठांवर येऊ दिले नाही. तेही वखारीतच ठेवले म्हणा ना.

सगुणेला आई आठवत नव्हती. आईची लुगडी पेटीत होती, बांगड्या फडताळात होत्या. पण आई हसायची कशी, रुसल्यावर काय बोलायची, हे पेटीत सापडत नाही. ते एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो माणूस सदा वखारीत असे.

यथाकाल सगुणेचे लग्न ठरले. स्थळ चांगले होते, पण लांबचे. वाटेत दोन नद्या. तिथी निघाली वैशाखातली, आणि मुहूर्त भर दुपारचा. भिवाशेटने संध्याकाळचा गोरज मुहूर्त मागून पाहिला.

उपाध्ये गोविंदभट म्हणाले, "गोरजही आहे, शेट. पण व्याही मुक्कामाला राहत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या पंगतीचा भार पडतो म्हणे."

"माझ्यावर?"

"छे, त्यांच्या पोटावर."

तेव्हा वैशाख, दुपार आणि उघडे अंगण, एवढे हाती घेऊन भिवाशेट कामाला लागला. सल्ला द्यायला अंग हलवावे लागत नाही, म्हणून सगळा गाव आला. कोणी म्हणाला, कापड ताणा. कोणी म्हणाला, झावळ्या टाका. घर सांभाळणारी थोरली बहीण चंपाक्का म्हणाली, "भिवा, जांभळीचे डहाळे घाल. थंड असतात. पण थोडं मोकळं राहू दे हो वरून." भिवाशेटने यातले पहिले निम्मे ऐकले.

त्याच संध्याकाळी सगुणा ओट्यावर त्याच्याजवळ येऊन टेकली. "आबा, आईचं सांगा ना काहीतरी. तुमच्या लग्नाचं सांगा. आता मी जाणार."

उमेचा विषय निघाला की भिवाशेटला काम आठवत असे. तो म्हणाला, "मुहूर्तमेढ रोवली की सांगतो."

मेढ रोवली. सगुणेने पुन्हा विचारले. "वर छाया झाली की सांगतो." छाया झाली. "बाजू बांधल्या की निवांत बसू."

रोज दुपारी तो मांडवात पाहुण्यासारखा बसे. आधी वरमाईच्या जागी, मग व्याह्यांच्या, मग जिथे पोरे लोळणार तिथेही. पानांतून उन्हाचा एखादा कवडसा कुठे उतरला की शिडी मागवी आणि त्यावर डहाळी ठेवी. एक कवडसा बुजला की दुसरा सापडे. शेजारचा पांडोबा कुंपणावरून सारे पाहत असे. तो ओरडला, "शेट, सूर्याला आमंत्रण दिलंय की नाही? त्याला वगळलंत तर तो वरपक्षाकडून येईल हो!"

तिरपे ऊन येते म्हणून भिवाशेटने बाजूंना बांबूच्या तट्ट्या लावल्या. सगुणेने विचारले, "आबा, आणि वारा?"

"वाऱ्यानं फुफाटा येतो, बाळ."

"आईचं सांगणार होता."

"हे एवढं झालं की."

लग्नाच्या दिवशी मांडवात एकही कवडसा नव्हता. झुळूकही नव्हती. तिथे फक्त माणसे होती आणि त्यांचा घाम. नवरदेवाच्या मामांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके आणली होती. त्यांत दोन्ही घराण्यांतली सगळी नावे बसवली होती, जी बसत नव्हती तीसुद्धा. मामांचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते माहीत होते. अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरा-नवरी उकडत उभी राहिली. अक्षता लोकांच्या तळहातांना चिकटून बसल्या. व्याही उपरण्याने वारा घेत म्हणाले, "शेट, मांडव झकास. फक्त तुमच्या वखारीत आमच्याच ढेपा झाल्या."

ऊन उतरताना पाठवणी झाली. गाडीला ओली गोणपाटे बांधली होती, बैलांच्या शिंगांना पाला लावला होता. काही म्हणजे काही विसरले नव्हते. सगुणा पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "आबा, सांगायचं राहिलं."

भिवाशेटने तोंड उघडले. महिनाभर अडवलेले सगळे ओठांशी आले. तो म्हणाला, "सुरई भरून घेतलीस का?"

"घेतली, आबा."

गाडी गेली. वळणावर धूळ उडाली. धूळ खाली बसली तरी भिवाशेट उभाच होता.

त्या गावची रीत अशी, की लग्नाचा मांडव लगेच उतरवत नाहीत. लेक जावयासह माहेरी एकदा येऊन जाते, त्याला मांडवपरतणे म्हणतात. ते झाले की मेढ काढायची. बहुधा हे चार दिवसांत उरकते. पण व्याह्यांकडून निरोप आला, "ऊन फार आहे. जरा कमी झालं की पाठवतो." उन्हावर भिवाशेटचा काही अधिकार चालत नव्हता. तो वाट पाहू लागला.

तट्ट्या ज्यांच्या होत्या त्यांनी नेल्या. जांभळीची पाने आधी कोमेजली, मग वळली, मग एकेक गळू लागली. भिवाशेट सवयीने दुपारी मांडवात बसे. एके दिवशी एक कवडसा त्याच्या गुडघ्यावर येऊन बसला. त्याने सवयीने शिडीकडे पाहिले. पण उठला नाही. सावली करायची कोणासाठी? जिच्यासाठी इतकी केली ती लेक एकदाही त्या सावलीत त्याच्याजवळ बसली नव्हती. बसायला आली होती, तेव्हा तो शिडीवर होता.

आतून चंपाक्काला पुटपुटणे ऐकू आले. ती दाराशी आली. "कुणाशी बोलतोयस रे?"

"कुणाशी नाही. उमेचं बोलणं आठवतंय का ते बघतोय."

"मग?"

"शब्द आठवतात, आक्का. आवाज आठवत नाही तिचा."

चंपाक्का पदराला हात पुसत आत गेली.

आणि एका सकाळी, निरोप नाही की काही नाही, गाडी दारात उभी राहिली. सगुणा उतरली. मागून जावई मल्हारराव उतरले. चंपाक्काची धांदल उडाली. "अरे भिवा, आचाऱ्याला बोलाव! पुरण नाही, वरण नाही, जावई पहिल्यांदा आलाय! आणि मांडवाची ही दशा! चाळणी झालीय नुसती!"

"पिठलं-भाकरी कर, आक्का," भिवाशेट म्हणाला. "सगुणे, बस इथं."

तिघे त्या विरळ मांडवाखाली बसले. अंगभर कवडसे पडत होते. एक डोळ्यावर आला की थोडे सरकायचे, दुसरा आला की पुन्हा सरकायचे. मागच्या शेतावरून वारा येत होता. भिवाशेटने कमरेची किल्ली काढून बाजूला ठेवली, कारण ती बसताना टोचत होती.

"आमचं लग्न देवळाच्या ओवरीत झालं," तो म्हणाला. "असाच वैशाख. बारीकशी जागा, त्यात सगळं गाव. अंतरपाटाखालून मला तुझ्या आईची फक्त पावलं दिसत होती. एका पायाचा अंगठा दुसऱ्यावर घासत उभी होती. मंगलाष्टकं काही संपेनात. शेवटी अंतरपाट दूर झाला. मी मान वर केली. आता ही लाजणार, असं मला वाटलं. तर मुंडावळ्या फुंकरीनं उडवून ती मला म्हणते, 'अगंबाई, किती उकडतंय हो!' माझ्याशी बोललेली ती पहिली गोष्ट."

सगुणा तोंडावर पदर धरून हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"आबा, त्या दिवशी अंतरपाट निघाल्यावर मी यांना हेच म्हणाले."

भिवाशेटने जावयाकडे पाहिले. मल्हाररावांनी मान डोलावली. "हेच. शब्दन् शब्द."

भिवाशेटला इतक्या वर्षांनी उमेचा आवाज ऐकू आला. तो आवाज समोरच बसला होता, आणि त्याच्याच घरात वाढला होता.

मग तो बोलतच राहिला. पिठले थंड झाले, भाकरी वाळली, कवडसे अंगणभर फिरून कुंपणाला लागले. गोविंदभटांनी येऊन मेढ काढली. गाडी जुंपली. गोष्ट मात्र नव्या नवरी उमेने वखारीत शिरून झरोक्याचे गोणपाट ओढून काढले, एवढ्यापर्यंतच आली होती.

"पुढं?" सगुणेने गाडीतून विचारले.

भिवाशेट गाडीबरोबर चालू लागला. "पुढं काय, मी ओरडलो. तर ती म्हणाली..."

"अरे भिवा, पागोटं!" चंपाक्का दारातून ओरडली. "ऊन आहे अजून!"

"असू दे!"

मल्हाररावांनी कासरा आवळला. बैल माणसाच्या चालीने चालू लागले. वखारीची किल्ली अंगणातच राहिली होती, आणि त्या दिवशी कोणी तिची चौकशी केली नाही.

तात्पर्य: पाहुण्यांसाठी सावली जरूर करावी, पण आपल्या माणसाला जे सांगायचे ते मांडव पुरा होण्याची वाट न पाहता सांगावे, कारण मांडव कधीच पुरा होत नसतो.