विरजू आणि सुकत चाललेला थेंब

एक होता विरजू. विरजू म्हणजे दह्यातला जंतू. मोहरीहून लहान. रव्याच्या कणाहूनही लहान. डोळ्यांना दिसायचा नाही, इतका लहान.

एक दिवस घरातल्या छोट्या राणूनं वाटीतलं सगळं दही खाल्लं. उद्याच्या विरजणाचा चमचाही खाल्ला. वाटीच्या कडेला उरला एक थेंब. थेंबात उरला एकटा विरजू.

विरजूला लागली भूक. थेंब लागला सुकायला. थेंब सुकला, की विरजू संपला.

थेंब निघाला लुडुक लुडुक. गेला दुधाकडे.

"दूधदादा, दूधदादा, मला जेवू घाल. मी उपाशी."

दूध म्हणालं, "मी गार. गारठ्यात तू झोपशील, जेवशील कसा? चूल पेटली, तर मी कोमट होईन."

थेंब निघाला लुडुक लुडुक. गेला चुलीकडे.

"चूलबाई, चूलबाई, पेट की. दूध गार, मी उपाशी."

चूल म्हणाली, "गोवरी आली, तर मी पेटेन."

थेंब निघाला लुडुक लुडुक. जरासा सुकला. गेला गोवरीकडे.

"गोवरीताई, गोवरीताई, चुलीत चल. चूल गार, दूध गार, मी उपाशी."

गोवरी म्हणाली, "मी दमट. नुसता धूर होईल. ऊन पडलं, तर मी वाळेन."

थेंब निघाला लुडुक लुडुक. आणखी सुकला. गेला उन्हाकडे.

"ऊनमामा, ऊनमामा, पड की. गोवरी दमट, चूल गार, दूध गार, मी उपाशी."

ऊन म्हणालं, "पडू कुठं? दोरीवर गोधडी आडवी. गोधडी सरकली, तर मी पडेन."

दोरीपाशी उभ्या शेजारच्या भामाकाकू. काकूंना सगळं ऐकू येतं. मुंगी शिंकली तरी कळतं.

"काकू, काकू, गोधडी सरकवा. ऊन अडलं, गोवरी दमट, चूल गार, दूध गार, मी उपाशी."

"सरकवीन की रे बाळा," काकू म्हणाल्या. "पण आधी सांग, गोधडी आज का धुतली?"

विरजूला काय ठाऊक? थेंब निघाला लुडुक... लुडुक... तिळाएवढा उरला. गेला गोधडीकडे.

"गोधडीमावशी, गोधडीमावशी, तुला का धुतली? काकू अडल्या, ऊन अडलं, गोवरी दमट, चूल गार, दूध गार, मी उपाशी."

गोधडी हळूच म्हणाली, "राणूनं सू केली."

विरजूनं काकूंना सांगितलं.

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या.

काकूंनी गोधडी सरकवली, सर्र. ऊन पडलं, लख्ख. गोवरी वाळली, खडखडीत. चूल पेटली, फूऽ फूऽ. दूध तापलं, सूंऽ सूंऽ.

थेंब वाटीत परत आला.

"आता येऊ?" विरजूनं विचारलं.

"नको," दूध म्हणालं. "भाजशील."

विरजू थांबला. थेंब खसखशीएवढा उरला.

राणूच्या आईनं दुधात करंगळी बुडवली. दूध कोमट.

"कडेला टिपूस आहे वाटतं," आई म्हणाली. तिनं वाटीत दूध ओतलं. बुळुक. विरजू दुधात. दूध गेलं मडक्यात. मडक्यावर आली वाळलेली गोधडी.

विरजू जेवायला बसला.

काकू आल्या. गोधडी उचलली. मडकं हलवलं, डुचुक.

"लागलं का गं दही?"

"आत्ताशी तर लावलंय, काकू."

काकू पुन्हा आल्या. मडकं हलवलं, डुचुक.

"लागलं का गं?"

आतून बारीक आवाज आला. "हलवू नका ना. मी जेवतोय."

काकूंना सगळं ऐकू येतं. काकूंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. राणूनंही घेतले. कुणी हललं नाही.

विरजू जेवला. एकाचे झाले दोन. दोनाचे चार. चाराचे आठ. मग काकूंनाही मोजता येईनात.

दिवेलागणीला आईनं गोधडी काढली. मडकं कलतं केलं. दही हललं नाही. घट्ट.

काकूंना वाटीभर. राणूला वाटीभर. राणूचा हात शेवटच्या चमच्याकडे गेला.

"अं हं," काकू म्हणाल्या. "तो विरजूचा."

राणूनं हात मागं घेतला. आईनं तो चमचा वाटीत ठेवला, वर झाकण ठेवलं. आत विरजू, पोट भरलेला, भावंडांच्या मध्ये.

दही गेलं पोटात, विरजण राहिलं वाटीत.