वैदीणकाकूंचं ‘राहू दे’

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक वैदीण राहायची. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने गोल, जिभेला थोडी धार, पण हाताला चांगला गुण. लहानथोर सगळे तिला वैदीणकाकू म्हणायचे. कुणाचं पोट दुखो, दाढ ठणको नाहीतर विंचू चावो, माणूस काकूंच्या ओसरीवर यायचा आणि बरा होऊन जायचा.

काकूंच्या सासरी एक रीत होती. ज्या हाताने औषध द्यायचं, तो हात पैशासाठी पुढे करायचा नाही. सासरे वैद्य होते आणि त्यांना राजाकडून दरसाल धान्य यायचं, म्हणून त्यांना ती रीत परवडली. पुढे राजा गेला, धान्य बंद झालं. रीत तेवढी काकूंच्या वाट्याला आली.

पुडी घेताना कुणी विचारलं की किती द्यायचे, तर काकू मान वेळावून म्हणायच्या, “राहू दे रे. आधी बरा हो, मग बघू.” असं म्हणताना त्यांना स्वतःचं भारी कौतुक वाटायचं. आपण किती मोठ्या मनाच्या! त्या आनंदात त्या दिवशीची आमटीसुद्धा चांगली व्हायची.

गावातले लोक काही वाईट नव्हते. ते बरे व्हायचे आणि मग तिथेच अडायचे. कारण ‘मग बघू’ म्हणजे नक्की किती, हे कुणालाच कळायचं नाही. थोडं न्यावं तर काकूंना काय वाटेल? जास्त न्यावं तर घरात नाही. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता सुगी निघून जायची. मग रिकाम्या हाताने काकूंसमोर उभं राहायची लाज वाटायची. एकेकाने त्यांच्या दारावरून जाणंच सोडलं. बाजाराला निघाले तरी लोक ओढ्याकडून लांबचा वळसा घ्यायचे.

इकडे काकूंची ओसरी रिकामी राहू लागली. त्याचा अर्थ काकूंनी आपल्या सोयीने लावला. आपल्या औषधांनी सगळं गाव ठणठणीत झालं! “एवढा गुण असणंही बरं नाही गं, कामच उरत नाही,” असं मांजरीला सांगून त्या दुपारी ताणून द्यायच्या. हिरड्याचा डबा संपला. मधाचं गाडगं कोरडं पडलं. डोंगरातला मधवाला दारी आला, पण तो मोबदला हातात पडल्याशिवाय मध द्यायचा नाही आणि काकूंकडे द्यायला काही नव्हतं. आजारीच कुणी नाही तर मध हवाय कशाला, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी त्याला पाणी पाजलं आणि बाजाराची वाट दाखवली.

त्याच दुपारी दारात खूर वाजले. काकू उठून बघतात, तर कुंभाराचं गाढव. पोट बिघडलं का, असं त्यांनी विचारलं.

“पोट बरं आहे. पाय झिजलेत, ते तुमच्यामुळे,” गाढव म्हणालं. “आमचा धनी तुमचं देणं लागतो, म्हणून तुमचं दार टाळतो आणि मला ओढ्याच्या वळशाने हाकतो. उपकार केलेत तुम्ही, घेतले त्याने आणि वाहतोय मी.”

काकूंना हसू फुटलं. गाढव मात्र हसलं नाही.

“एवढं सांगायला आलो नव्हतो. धन्याच्या तळहातात फुटक्या मडक्याचा तुकडा घुसला होता. हात सुजलाय, अंगात ताप आहे. मालकीण रोज म्हणते काकूंकडे चला, आणि तो म्हणतो, कुठल्या तोंडाने जाऊ? हात गेला तर चाकावर कोण बसणार, काकू? त्या घरात दुसरं कमावणारं मीच आहे, आणि मी तर गाढव.”

काकूंनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. वाटेत तेली लंगडत येत होता. काकूंना बघितल्याबरोबर तो भिंतीआड झाला. विहिरीवर एक बाई खोकत होती, तिने पदर तोंडावर ओढून पाठ फिरवली. तेव्हा काकूंना उमगलं. गाव ठणठणीत वगैरे काही झालं नव्हतं. गाव आजारी होतं आणि आपल्याला चुकवत होतं.

कुंभाराने त्यांना बघून हात पाठीमागे नेला.

“काकू, गेल्या साली पोरीचा ताप उतरवलात, त्याचं अजून...”

“हात दाखव म्हणतेय मी. हिशोब दाखव नाही म्हटलं,” काकू म्हणाल्या.

हात बघून मात्र त्यांनी घाईने पिशवी उघडली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. त्यांनी कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, पू काढला, आत राहिलेली खापराची कच काढली. आता वर मध हवा होता. मध संपलाय, हे सांगताना काकूंनाच मान खाली घालावी लागली. कुंभारीण दोन नवी मडकी घेऊन बाजाराकडे पळाली. मधवाला तिथेच बसला होता. तिने मडकी दिली, त्याने मध दिला, दोघांचा व्यवहार जागच्या जागी मिटला आणि ती धापा टाकत परत आली.

पट्टी बांधून झाली. काकू उठल्या. कुंभारणीने काय द्यायचं ते विचारलं, आणि इतक्या वर्षांची सवय, काकूंच्या तोंडून निघालंच, “राहू दे गं.”

कुंभारीण दारात आडवी उभी राहिली.

“नाही काकू. तुमचं ‘राहू दे’ आम्हाला फार महाग पडतं. आज यांचा हात जात होता त्यापायी. काय असेल ते सांगा आणि घेऊनच जा. म्हणजे उद्या पट्टी बदलायला आम्ही मान वर करून येऊ.”

विंचवाला न भिणारी बाई, पण आपली किंमत सांगताना तिला दरदरून घाम फुटला. शेवटी एकदाचं त्या पुटपुटल्या, की औषधं ठेवायला झाकणाची एक बरणी दे.

“आणि पोरीच्या तापाचं?”

“त्याचा एक माठ. झालं, फिटलं.”

कुंभारणीने बोटाने वाजवून वाजवून चांगला माठ निवडला, बरणी निवडली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली. इतका वेळ जमिनीकडे बघणाऱ्या कुंभाराने तेव्हा कुठे डोळे वर केले.

“लई उपकार झाले, काकू,” तो म्हणाला. “औषध तर दिलंतच. पण घेतलंत, त्याचे जास्त.”

हात वाचला. करंगळी तेवढी ताठ राहिली. वेळेवर आला असता तर तीही वाकली असती, हे काकूंच्या मनाला पुढे कायम लागून राहिलं.

दुसऱ्या सकाळी काकूंनी गावभर निरोप धाडला. मागचं सगळं फिटलं. यापुढे औषध देण्याआधी मी मोल सांगेन आणि ओसरी उतरण्याआधी तुम्ही ते द्यायचं. नाणं असेल तर नाणं, नाहीतर पसाभर दाणे. तेही नसतील तर माझ्या औषधाच्या मुळ्या थोडा वेळ कुटून द्यायच्या, की हिशोब मिटला.

पहिल्या दिवशी त्यांनी मोल इतकं हळू सांगितलं, की तेल्याला कान पुढे करावा लागला. मग आवाज सुटला. पाटलाला तर त्यांनी जरा जास्तच सांगितलं, आणि पाटलाने ते निमूट दिलं.

हळूहळू ओसरी भरू लागली. पूर्वी लोक दुखणं विकोपाला गेल्यावर यायचे, आता पहिल्या शिंकेलाच यायला लागले. त्यामुळे दुखणी लवकर बरी व्हायची आणि औषधंही थोडकी लागायची. जाताना प्रत्येकजण मोल ठेवायचा, पायरीवर थांबायचा आणि काकूंच्या डोळ्यांत बघून म्हणायचा, “बरं वाटतंय हो काकू.” आणि काकूंच्या ध्यानात आलं, की देणं बाकी असताना हे शब्द त्यांना इतक्या वर्षांत कुणी तोंडावर म्हटलेच नव्हते.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आयांनो, उपकार जन्मभर आठवावेत, पण मोल त्याच वेळी सांगावं, द्यावं आणि घ्यावं, म्हणजे गरज पडल्यावर पुन्हा त्या दारात जायची लाज वाटत नाही.