दुरुस्तरावांची सुधारणा

फार पूर्वी, म्हणजे संगणकांच्या हिशेबाने चारेक वर्षांपूर्वी, एका लिनक्स संगणकात शेकडो प्रोग्रॅम गुण्यागोविंदाने नांदत होते. कुणी नकला उतरवायचा, कुणी याद्या करायचा. पण वाचणं, लिहिणं, मोजणं ही रोजची कामं सगळे एकाच म्हाताऱ्या लायब्ररीकडून, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक, तयार कोडच्या साठ्याकडून, करून घेत. तिचे आभार कुणी मानल्याचं ऐकिवात नाही.

बिघाड काढणारे दुरुस्तराव हे तिथले सर्वांत शहाणे प्रोग्रॅम. एकदा एक नवा खेळ दारात येऊन म्हणाला, "शी! इतकी जुनी लायब्ररी? मला नवीच लागते."

पाहुण्यासमोर दुरुस्तराव ओशाळले. त्यांनी म्हातारीला उचलून अडगळीत टाकलं आणि नवी आणायला वळले. पण पाऊल उचलेना. हाक मारावी, तर शब्द फुटेना. आपल्यालाही तीच चालवत होती, हे त्यांना आत्ता कळलं. सारं गाव जागच्या जागी थिजलं. दुरुस्तरावांना दरदरून घाम फुटला. तेवढं मात्र लायब्ररीवाचून जमलं.

शेवटी बटवा पुढे आला. हा चिमुकला प्रोग्रॅम लागेल ते सगळं स्वतःच्याच पोटात बाळगायचा, म्हणून तो अजून हलत होता. त्याने अडगळ धुंडाळली आणि म्हातारीला पुन्हा तिच्या जागी बसवलं.

"आजी, फार लागलं का गं?" त्याने विचारलं.

ती उत्तर देणार, तोच दुरुस्तरावांना कंठ फुटला. "काय रे बटव्या," ते कडाडले, "एवढ्याशा कामाला इतका वेळ?"