बारशाला गेलेला मोर

मुलांनो, एका डोंगराच्या उतारावर बरेच प्राणी वस्ती करून राहत. वस्तीचे म्हणणे रानाच्या सभेत मांडायला त्यांनी एक मोर निवडून दिला होता. का, तर तो दिसायला देखणा आणि कोणाकडेही कार्य असले की न चुकता हजर. सशाकडचे लग्न असो की कासवाच्या आजीचे दहावे, मोर आपला पुढच्या रांगेत. सभेत तो काय बोलतो, हे मात्र कोणी कधी विचारले नाही. विचारणार कशाला? सभेत जेवणाची पंगत थोडीच असते.

उन्हाळा आला आणि वस्तीतले तळे आटले. सायाळीची पिल्ले तहानेने बिळात निपचित पडून राहू लागली. ओढ्याला अजून थोडे पाणी होते. ते कोणत्या वस्तीकडे वळवायचे, हे सभेत ठरणार होते. नेमके त्याच सकाळी माकडांकडे बारसे निघाले. मला सभेला जावे लागेल, असे मोर म्हणताच माकडिणीचे तोंड फुगले.

"निवडून आलात आणि आम्हाला विसरलात," ती म्हणाली. झाले, सगळ्या वस्तीने तिचीच री ओढली.

सायाळीने मोराला परोपरीने विनवले, "दादा, पाळण्याची दोरी कोणीही ओढेल. सभेत आमच्यासाठी बोलणारे तुम्ही एकटेच आहात." पण एकटीचे ऐकतो कोण? मोर बारशाला गेला. आग्रह झाला म्हणून नाचलासुद्धा.

तिकडे सभेत त्याची जागा रिकामी राहिली. पलीकडच्या रानडुकरांच्या प्रतिनिधीने आपल्या वस्तीची अडचण मांडली आणि पाणी तिकडे वळले. यात त्या बिचाऱ्याची काय चूक? दुसऱ्या दिवशी आमची ही शहाणी वस्ती तावातावाने मोराला जाब विचारायला गेली.

मोर शांतपणे म्हणाला, "कोणाच्या कार्याला मी आलो नाही, तेवढे सांगा."

सगळे आल्या वाटेने परत फिरले. आता यांच्यापुढे कपाळ किती बडवून घ्यायचे, तुम्हीच सांगा.

शेवटी सायाळ पिल्लांना घेऊन वस्ती सोडून निघाली. तिला निरोप द्यायला मोर अगदी वेळेवर आला होता.

तात्पर्य : आपला प्रतिनिधी दारी आला नाही म्हणून रुसण्याआधी, तो सभेला गेला होता का, ते विचारावे.